कैची टिन कापत नाही, नुसती मुडपते: दर उन्हाळ्याची तक्रार

होळी आटोपली की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात आणि त्यांच्यामागे टिन कापायची कैचीही. कुठे टाकीच्या तळाला गंजून भोक पडलेलं असतं, कुठे ताटीची, म्हणजे गवत भरलेल्या जाळीची, चौकट सडलेली असते, कुठे नव्या पंपाच्या पाइपाला वाट करून द्यायची असते. इतवारीतून पत्र्याचा तुकडा येतो, त्यावर रेघ मारली जाते आणि पहिल्याच दाबात कैची पत्रा कापायचं सोडून दोन पात्यांमध्ये त्याची घडी घालून बसते. "मालच बोगस निघाला" म्हणत माणूस पुन्हा दुकानात जातो आणि आधीपेक्षा मोठी कैची घेऊन येतो. पुढच्या मार्चमध्ये तीही तेच करते.

नवी कैची आणायच्या आधी जुनीचा बिघाड नेमका कोणता ते ओळखा. बोगस ठरवलेल्या बऱ्याच कैच्यांचा फक्त नट ढिला असतो. उरलेल्यांपैकी पुष्कळ कैच्या धडधाकट असतात, पण दुसऱ्याच कामाच्या असतात.

"कापत नाही" या एका तक्रारीत तीन निरनिराळे बिघाड दडलेले असतात. पत्रा पात्यांमध्ये शिरून दुमडतो, हा पहिला. पत्रा कापला जातो पण हातातून कळा निघतात, हा दुसरा. काप बसतो, पण रेघ सोडून भलतीकडे जातो किंवा कडेला दात उमटतात, हा तिसरा. तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पत्रा दुमडतो

कैचीची दोन पाती जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे ती घासून जायला हवीत. तिथे फट राहिली की पत्र्याला कापलं जाण्यापेक्षा वाकून त्या फटीत शिरणं सोपं जातं. कारखान्यातल्या शिअरिंग मशीनवर पात्यांमधली फट साधारणपणे पत्र्याच्या जाडीच्या 5 ते 10 टक्के ठेवतात. गेज हे पत्र्याच्या जाडीचं माप, आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. 24 गेजचा पत्रा सुमारे 0.56 मिमी जाड, म्हणजे ही फट 0.03 ते 0.06 मिमी झाली. हाताच्या कैचीत तर तीही नको. पत्रा जितका पातळ तितकी फट जास्त बोचते, म्हणून जी कैची 22 गेज बरा कापते तीच तेलाच्या पिप्याचा पत्रा मुडपते आणि आपण चक्रावतो.

तपासणी सोपी आहे. वर्तमानपत्राचं एकेरी पान घ्या आणि कैची पूर्ण उघडून मुळापासून टोकापर्यंत एकाच दाबात कापा. काप सगळीकडे स्वच्छ आला तर पाती ठीक आहेत, पुढचा भाग वाचा. सबंध लांबीभर कागद दुमडला तर नट ढिला आहे. मुळाशी कापला आणि टोकाशी दुमडला तर बहुतेक वेळा पातंच वाकलेलं असतं. एखाद्याच ठिकाणी कागद अडकून फाटला तर तिथे धारेला खाच पडली आहे.

नट आवळायच्या आधी सांधा धुवा. गंज, जुनं घट्ट झालेलं तेल आणि पत्र्याचा चुरा तिथे इतका साचलेला असतो की कैची जड चालते, आणि जड चालते म्हणून आपल्याला ती घट्टच वाटते. रॉकेल किंवा डिझेलमध्ये तोंडाकडची बाजू बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, पुसा आणि दोनचार वेळा उघडझाप करा. आता ढिलेपणा खरा कळतो. दोन्ही मुठी धरून पाती एकमेकींपासून बाजूला ढकलून पाहा. टक्‌टक्‌ हालत असतील तर आवळायला जागा आहे.

एका पान्याने बोल्टचं डोकं धरा आणि दुसऱ्याने नट एक अष्टमांश फेरा फिरवा. त्याहून जास्त नको. पुन्हा कागद कापून पाहा, पुन्हा तेवढंच फिरवा. साध्या, बिनस्प्रिंगच्या कैचीची एक मूठ आडवी धरली आणि दुसरी सोडली तर ती आपल्या वजनाने सावकाश खाली यावी. धप्पकन पडली तर ढिली, अधांतरी राहिली तर जास्त आवळली. स्प्रिंगवाल्या कैचीत स्प्रिंगने तोंड आपोआप पूर्ण उघडलं पाहिजे. तिथे तीनचार बोल्ट दिसतात. त्यातला पात्यांमधून जाणारा मुख्य बोल्टच आवळायचा, मुठींच्या जोडाचे बाकीचे नाहीत. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. स्वस्तातल्या काही कैच्यांना नटाऐवजी रिव्हेट असतो. तो लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने ठोकता येतो, पण एक ठोका जास्त बसला की सांधा जाम होतो. म्हणून नट-बोल्टचीच कैची घ्यावी, दहावीस रुपये जास्त गेले तरी.

डावखुऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. साधी कैची उजव्या हाताच्या दाबाने पाती एकमेकींवर येतील अशी घडवलेली असते. तीच डाव्या हातात धरली की बोटांचा दाब उलटा पडतो आणि पाती फाकतात. नट थोडा ढिला असला तरी उजव्या हाताच्या माणसाचं निभावतं, डावखुऱ्याचा मात्र पत्रा दुमडतो. घरात एकाला कैची चालते आणि दुसऱ्याला चालत नाही, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

नट बरोबर, कागद स्वच्छ, तरीही पत्रा दुमडतो? मग हात बघा. पातं पत्र्याला काटकोनात उभं हवं. कैची बाजूला कलली की पत्रा तिरका शिरतो आणि चांगल्या कैचीतही घडी होते. जमिनीवर उकिडवं बसून पायाखाली पत्रा दाबून कापताना हे हमखास होतं, कारण मूठ जमिनीला लागते म्हणून आपण मनगट वळवतो. पत्रा टेबलाच्या किंवा दिवाणाच्या कडेबाहेर काढून कापा, अर्धी तक्रार तिथेच मिटते.

खाचा कुठून येतात

कूलरच्या जाळीच्या तारेतून, दुसरं काय! ताटी बांधायची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार, जाळीचं टोक, कधी खिळासुद्धा, हाताशी कैची आहे म्हणून तिनेच तोडला जातो. पत्र्यात दाब लांब धारेवर पसरतो, तारेत तो सगळा एका टिंबावर येतो आणि तेवढीच धार चेपते. खाच पडली की दर कापात त्याच जागी पत्रा अडकतो.

छोटी खाच घासून काढता येते. पातं शिकंज्यात धरा आणि बारीक कानशीने धारेचा बाहेरचा उतारच घासा, मूळच्याच कोनात. पत्र्याच्या कैचीची धार भाजीच्या सुरीसारखी निमुळती नसते, तो कोन 80 ते 85 अंशांचा, जवळजवळ काटकोनीच असतो. धार लावणाऱ्या फिरत्या कारागिराला हे सांगितलं नाही तर तो ती सुरीसारखी पातळ करून देतो आणि पहिल्याच पत्र्यात तिचे टवके उडतात. दोन्ही पाती जिथे एकमेकींना घासतात ती आतली सपाट बाजू कधीच घासू नका. तिथून धातू गेला की कायमची फट पडली, मग नट कितीही आवळा. घासल्यावर आत किंचित उभी राहिलेली कड मात्र तेलाच्या दगडावर पातं सपाट ठेवून एकदा अलगद काढा. ग्राइंडरच्या चाकावर धरायचं असेल तर पाण्यात बुडवत बुडवत. पातं निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं.

दातेरी पात्यांना घरी धार लावायच्या फंदात पडू नये.

कापतो, पण हात जातो

इथे दोष बहुधा कैचीचा नसतो, तिच्या तोंडी दिलेल्या पत्र्याचा असतो. तिरप्या पात्यांनी कापताना लागणारा जोर जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर जोर चौपट. गेजचा आकडा उलटा चालतो हे ठाऊक असेलच: 26 गेज सुमारे 0.46 मिमी, 22 गेज 0.71, 20 गेज 0.91, 18 गेज 1.22. पत्रा 26 वरून 20 वर गेला की जाडी दुप्पट होते आणि हाताला चौपट काम पडतं. "फक्त सहाचाच तर फरक आहे" असं म्हणणाऱ्याला संध्याकाळी मनगट सांगतं.

मायक्रोमीटर नसेल तर त्याच पत्र्याचे दहा छोटे तुकडे कापा, त्यांच्या कडा कानशीने साफ करा आणि एकावर एक दाबून पट्टीने मोजा. आलेल्या आकड्याला दहाने भागलं की जाडी मिळाली.

जाडीइतकाच धातूचा कडकपणाही महत्त्वाचा आहे. कूलरचा जीआय पत्रा मऊ असतो, तो वाकवायचाच असतो. छपराचे रंगीत पत्रे पुष्कळदा 0.45 ते 0.5 मिमीचेच असतात, पण त्यातले बरेच 550 मेगापास्कल ताकदीच्या कडक पोलादाचे असतात. हाताला सारखेच जाड लागतात, कैचीला मात्र फार जड जातात. स्टेनलेसचं आणखी निराळं. ते कापताना कडेशी आणखी कडक होत जातं, म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा चावलं की काम अवघडच होतं. जोडमुठीच्या, म्हणजे मुठींना जादा सांधे असलेल्या, चांगल्या कैच्यांवर सहसा साधं पोलाद 18 गेजपर्यंत आणि स्टेनलेस 22 गेजपर्यंत अशी मर्यादा लिहिलेली असते. ती नव्या धारेची आणि तगड्या हाताची मर्यादा समजावी. रोजच्या कामाला दोन गेज पातळच धरा.

कापताना पत्रा पात्यांच्या मुळाशी, सांध्याजवळ घाला. टोकाने कुरतडत गेलं की तेवढ्याच कामाला कितीतरी जास्त जोर लागतो. मुठीला पाइप लावून लांबी वाढवणं किंवा वरून हातोडी मारणं यातून पत्रा एकदाचा कापला जातो आणि पातं कायमचं वाकतं. 16 गेज कापायचाच असेल तर हिंगणा एमआयडीसीकडे किंवा जवळच्या कूलर-कपाटवाल्याकडे लांब दांड्याचं टेबलावरचं शिअर असतं, तिथे दोन मिनिटांत चौकोन मिळतो. घरच्या कैचीचं ते काम नाही.

ग्राइंडरने उडवून का देऊ नये?

हा प्रश्न हटकून येतो. जाड एमएसला (साध्या पोलादाला) जरूर उडवा. कूलरच्या टाकीला मात्र नको. जस्त 419 अंशांना वितळतं आणि ग्राइंडरच्या चाकाखाली काप त्याहून खूप तापतो. कडेचा जस्ताचा थर जळून जातो, आणि तीच कड पुढे चार महिने पाण्यात राहते. कैचीने थंड कापलेल्या पातळ पत्र्याच्या कडेला शेजारचं जस्त बऱ्यापैकी सांभाळून घेतं. शिवाय ग्राइंडरच्या ठिणग्या रंगीत पत्र्यावर पडून रुततात आणि पहिल्या पावसात तिथे तांबूस ठिपके उठतात. कैचीने कापलेल्या कडेलाही टाकीच्या आत झिंक प्रायमर किंवा डांबरी रंगाचा एक हात द्यावाच. आपल्याकडे बऱ्याच भागांत टाकीत बोअरचं जड पाणी जातं. ते उडून गेल्यावर उरलेले क्षार कडेला धरून बसतात आणि गंज तिथूनच सुरू होतो.

रेघ सोडून पळते, कडेला दात येतात

दातांपासून सुरुवात करू, ते सोपं आहे. दर दाबाला कैची टोकापर्यंत पूर्ण मिटली की टोक पत्र्यात एक आडवा चिरा पाडतं. पुढचा काप तिथून जरासा बाजूला सुरू होतो आणि कडेला काटा उभा राहतो. पातं मिटायच्या सेंटीमीटरभर आधी थांबा, कैची पुढे सरकवा, मग पुढचा दाब. हे अंगवळणी पडलं की कड गुळगुळीत येते. बारीक, एकसारख्या अंतरावरचे ओरखडे असतील तर ते दातेरी पात्याचे आहेत आणि तो दोष नव्हे. दात पत्रा निसटू देत नाहीत, त्यामुळे कडक पत्र्याला ते बरे. दिसणारी कड असेल तर बिनदातेरी पातं वापरा किंवा कानस फिरवा.

रेघेचं गणित थोडं वेगळं. मार्करची रेघच दोन मिलिमीटर जाड असते, तिच्या कुठल्या बाजूने कापायचं ते ठरलेलं नसतं. गुण्या लावून खिळ्याच्या टोकाने बारीक ओरखडा काढा. पण हे फक्त कापायच्या रेघेला. वाकवायची रेघ पेन्सिलीने काढा, नाहीतर ओरखड्याने जस्त फाटतं आणि नेमका घडीवरच गंज धरतो.

मोठ्या पत्र्यातून एकदम रेघेवर जाऊ नका. आधी रेघेपासून चारपाच मिलिमीटर बाहेरून ढोबळ कापून घ्या, मग रेघेवर. दुसऱ्या फेरीत बाहेरची अरुंद पट्टी आपोआप वळून बाजूला होते, कैचीच्या तोंडाला अडत नाही, आणि हवा तो तुकडा सपाट राहतो. पत्रा थोडा जास्त लागतो, पण कड पाहिल्यावर कोणी कुरकुर करत नाही. आतल्या कोपऱ्यावर कैची नेऊन थांबवण्यापेक्षा तिथे आधी 3 मिमीचं भोक पाडा, म्हणजे चीर पुढे फाटत जात नाही. पंपाच्या पाइपाचं गोल भोक करताना मधोमध कैचीचं तोंड जाईल एवढं छिद्र पाडा आणि तिथून चकलीसारखं फिरत फिरत रेघेवर या.

आणि हेच गोल काम साध्या सरळ कैचीने करायला गेलं की ती रेघ सोडते. तिची पाती लांब आणि सरळ असतात, वळणावर त्यांना आत जागाच मिळत नाही. इथे मुठींच्या रंगांचा प्रश्न येतो. विमानांचे अॅल्युमिनियमचे पत्रे कापायला निघालेल्या जोडमुठीच्या कैच्या आता हार्डवेअरच्या दुकानांत सर्रास मिळतात, एव्हिएशन स्निप म्हणून. पिवळी मूठ सरळ कापासाठी, लाल डावीकडे वळायला, हिरवी उजवीकडे वळायला. "लाल म्हणजे डावखुऱ्यांची" असं काउंटरवर ठणकावून सांगणारे भेटतात, त्यावर जाऊ नका. डावं-उजवं हे कापाच्या वळणाचं आहे, हाताचं नाही. लाल कैचीने उजवीकडचं वळण घ्यायचा हट्ट केला की पत्रा अडतो, पातं फाकतं, आणि आपण पुन्हा पहिल्या तक्रारीवर येतो.

मग घ्यायची कोणती

बहुतेक लोक पिवळी उचलतात, सगळ्यांत सर्वसाधारण वाटते म्हणून. माझं मत उलट आहे. लाल आणि हिरवी दोन्ही सरळही कापतात, पिवळी मात्र फक्त मोठं, पसरट वळण घेते. एकच घ्यायची असेल तर लाल किंवा हिरवी यातली हाताला सोयीची वाटेल ती घ्या. पूर्ण गोल कापायला एकच पुरते, कारण गोलाभोवती कोणत्याही दिशेने फिरता येतं. दोन्हींची गरज पडते ती नागमोडी रेघेला, किंवा दोन्हीकडून येऊन कोपरा जुळवायचा असतो तेव्हा. दरवर्षी कूलरचं काम घरीच करणाऱ्याने त्यात एक 12 इंची साधी, सरळ, बिनदातेरी कैची जोडावी. लांब पट्ट्या तिने झरझर निघतात आणि ती वर्षानुवर्षं धार लावून वापरता येते. कूलरच्या चौकटीत आत हात घालून कापायचं असेल तर मूठ पात्यांपेक्षा वर उचललेली, ऑफसेट प्रकारची मागा, बोटं पत्र्याच्या वर राहतात. नालीदार पत्रा आडवा कापायलाही तीच कामाची.

इतवारीच्या लोहा ओळीत किंवा तुमच्या नेहमीच्या दुकानात जाताना पत्र्याचा तुकडा खिशात आणि वर्तमानपत्राचं पान पिशवीत न्या.

"भाऊ, टिन कापायची कैची दाखवा."

"दहाची देऊ का बाराची?"

"आधी हा तुकडा कापून बघू द्या, मग सांगतो."

चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. आधी कागद कापा, टोकापर्यंत. मग पत्रा, आणि काप पलटून खालच्या बाजूला कड किती उभी राहिली ते बोटाने नाही, नखाने पाहा. मुठी पूर्ण उघडल्यावर तुमच्या हाताच्या पकडीत येतात का तेही बघा. मोठी कैची ताकदवान असते हे खरं, पण पंजा पुरला नाही तर ती ताकद वाया जाते. कुलपाची कडी मिटलेल्या स्थितीत नीट बसते का, हेही तिथेच पाहून घ्या. घरी पत्रा कापताना हातात कातडी मोजे आणि पायात बूट घाला. कापलेली पट्टी स्प्रिंगसारखी उसळते आणि खाली पडते ती नेमकी चपलेतल्या अंगठ्यावर. नवतपात गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवलेली कैची उघड्या हाताने धरवत नाही, तेव्हाही तेच मोजे कामी येतात.

जून लागला, पाऊस आला आणि कूलर आत गेला की कैची पुसून, तेलाचं बोट फिरवून, कडी लावून टांगून ठेवा. आणि जिची धार आता घासून येण्यापलीकडे गेली आहे ती भंगारात देऊ नका. तिच्या मुठीला लाल चिंधी बांधा आणि ताटीची तार, जाळी, खिळे सगळं तिच्यानेच तोडा.